पोक्त नर, वारा आणि रुईची म्हातारी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी उघडतो आणि नऊ दिवस चालतो. दीड-दोन वर्षांचे नर सहज दिसतात. साडेचार वर्षांपुढचा पोक्त नर हवा असेल, तर आधी तो दिवसा कुठे बसतो ते हुडकावं लागतं.

शिंगांची टोकं मोजून वय कळत नाही. शिंगं दरवर्षी गळतात, नवी येतात, आणि त्यांचा आकार खाण्यावर नि वंशावरही ठरतो. अंगलट पाहा. दीड वर्षाचा नर म्हणजे शिंगं लावलेली मादीच: लांब पाय, बारीक मान. साडेतीनच्या सुमारास मान फुगते, पण पोट आवळलेलं असतं. पोक्त नराची मान थेट छातीत उतरते, छाती-पोट एका रेषेत येतं आणि पाय आखूड वाटतात.

जमीन उकरून केलेल्या खुणा दिसल्या की नवखे तिथेच मचाण बांधतात. या खुणांवर नर बहुतेक रात्री येतो, म्हणून दिवस फुकट जातो. त्याऐवजी साल घासलेल्या झाडांची ओळ धरून मागे मागे जा. घासलेली बाजू साधारणपणे नर ज्या दिशेने आला तिकडे असते. राज्याच्या नैऋत्येकडच्या, ड्रिफ्टलेस नावाच्या टेकड्यांत हा माग बहुधा उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, वाऱ्याच्या आडोशाला संपतो. तिथे बसलेल्या नराला माथ्यापलीकडचा वास पाठीमागून मिळतो आणि खालचं सगळं डोळ्यांना दिसतं. ही पाहणी हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये करावी. ऐन हंगामात बसायच्या जागेत पाऊल टाकलंत तर तो जागा सोडतो किंवा फक्त रात्रीच हलतो.

सगळ्यात जास्त चुका वाऱ्यात होतात. फोन वाऱ्याची दिशा सांगतो, टेकडीतली हवा सांगत नाही. ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते. संध्याकाळी गार होऊन खाली घळीत उतरते. वारा पडलेल्या संध्याकाळी उंचावर बसलात, की तुमचा वास नेमका खाली चरणाऱ्या हरणांवर जातो. मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस खिशात ठेवा. ही आपल्या रुईच्या कुळातली वनस्पती, तिचीही तशीच म्हातारी उडते. एकेक तंतू सोडा आणि शंभर पावलांपर्यंत कुठे वळतो ते पाहा. वारा चुकीचा असेल त्या दिवशी त्या मचाणावर चढूच नका. पहिली बैठक सर्वांत मोलाची असते.

माजाचा जोर नोव्हेंबरच्या मध्याला असतो. माजावरच्या मादीपाशी नर एक-दोन दिवस खिळून राहतो, तेव्हा रान रिकामं वाटतं. माद्यांच्या बसायच्या जागांच्या वाऱ्याखालच्या कडेला, दुपारीसुद्धा, थांबून राहावं.

मचाण १८ ते २० फुटांवर पुरे. हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा अंगपट्टा) जमिनीवरूनच अडकवून चढा, बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढा. कमरेवरच्या कपड्यांपैकी निम्मे तरी भडक नारिंगी किंवा गुलाबी हवेत. १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन (शिकारीचं प्रशिक्षण) लागतं. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असाल तर वैध शिकार परवाना हातात येण्याआधी बंदूक बाळगू नका. संघराज्याचा कायदा त्यात कडक आहे. (भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा हे सगळं इथल्यापुरतंच.)

बार खांद्याच्या मागे, फुप्फुसांवर. फेसाळ गुलाबी रक्त असेल तर अर्धा तास थांबून माग काढा. रक्तात हिरवट घाण दिसली तर पोटाला लागलंय. आठ-बारा तास थांबा, नाहीतर जखमी जनावर उठून मैलभर जातं आणि हाती लागत नाही.

मांस लगेच ४ अंश सेल्सिअसखाली न्या. विस्कॉन्सिनच्या हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग २००२ मध्ये सापडला. डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत त्या हरणाचं मांस वेगळं, खूण करून फ्रीझरमध्ये ठेवा. पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका.