टाळी नेमकी कुठं वाजवायची?

"पप्पा, पुढच्या वर्षी तुम्ही येऊ नका. आईला एकटीलाच पाठवा."

गेल्या वर्षी जानेवारीत सांगलीच्या विश्रामबागहून परत येताना गाडीवर मागं बसलेल्या लेकीनं एवढंच सांगितलं आणि घर येईपर्यंत तोंड उघडलं नाही. तेव्हा ती आठवीत होती. शाळेच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवते. आंतरशालेय बँड स्पर्धा होती, तिची पहिलीच. मी तिथं जे काही केलं त्याला मी कौतुक समजत होतो.

काय केलं ते सांगून टाकतो. पथक मैदानात शिरल्याबरोबर उभा राहिलो आणि तिच्या नावानं हाक मारली. तीनदा. तिनं बघितलं नाही म्हणून चौथ्यांदा. चाल सुरू झाली तसा टाळ्यांचा ठेका धरला आणि आजूबाजूच्या पंचवीस-तीस पालकांनाही धरायला लावला. शिवाय त्याआधी, पोरं मैदानामागं सराव करत होती तिथं भडंगाची पिशवी घेऊन गेलो आणि सगळ्यांना मूठ-मूठ वाटलं. ट्रम्पेटवाल्या पोरीनंही खाल्लं. शेंगदाण्याचं साल ट्रम्पेटमध्ये कुठवर जाऊन बसतं ते बँडच्या सरांनी मला नंतर वाद्य उघडून दाखवलं. रागावले नाहीत, ते जास्त लागलं.

माझीही बाजू आहे. मी कुंडलच्या कुस्ती मैदानाला लहानपणापासून जाणारा माणूस. हलगी कडाडायला लागली की तिथं गप्प बसलेल्या माणसाकडं लोक संशयानं बघतात. बघणारा म्हणजे निम्मा लढणारा. बँड म्हटलं तर आम्हाला वरातीतलाच माहीत, त्यात तर वाजवणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांनाच काम जास्त. उलट याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' केलं, त्याचा अभिमान आम्ही सांगत फिरतो आणि भावे नाट्यमंदिरात बसलो की मोबाईल बंद करून चिडीचूप होतो. म्हणजे गप्प बसता येत नाही असं नाही. छप्पर असलं की येतं. उघड्या मैदानावर तोंड आपोआप सुटतं.

लेकीचा राग दोन महिन्यांनी उतरला, पण 'येऊ नका' काही तिनं मागं घेतलं नाही. शेवटी सप्टेंबरात मी आणि बायको सरांना भेटायला सरावाच्या मैदानावर गेलो. मी सरळ विचारलं, सर, टाळी वाजवली तर बिघडतं कुठं? पोरांना हुरूपच येतो की.

सरांनी उत्तर दिलं नाही. बायकोला मैदानाच्या त्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं, मला पोरांच्या रांगेत बेस ड्रमशेजारी. वाजवायला लागली पोरं. बायकोला सांगितलं होतं, ड्रम ऐकू येईल तशी टाळी वाजवा. पहिल्या दहा सेकंदांतच मला राहवेना. हिच्या टाळ्या सगळ्या चुकत होत्या! मी ओरडलो, "नीट वाजव की!" तिकडून आवाज आला, "नीटच वाजवतेय! तुमचे कान तपासा!"

दोघंही बरोबर होतो. सरांनी मातीत काठीनं हिशेब मांडला. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पोरं मिनिटाला 120 पावलं टाकतात, लष्कराच्या तेज चालीसारखी, म्हणजे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. टाकी तिथनं त्रेचाळीस-एक मीटर. ठोका तिच्यापर्यंत जायला सेकंदाचा आठवा भाग, तिची टाळी परत यायला आणखी आठवा. पाव सेकंद झाला. अर्ध्या सेकंदाच्या पावलात पाव सेकंद उशीर म्हणजे टाळी बरोबर दोन पावलांच्या मधोमध पडणार. आणि स्पर्धेत काय एकच टाळी असते? कोणी वीस मीटरवर, कोणी साठवर, प्रत्येकाचा उशीर वेगळा. पत्र्यावर गारा पडल्यासारखं होतं सगळं. "म्हणून मी पोरांना सांगतो, लांबचा आवाज कानात घेऊ नका, पथकाच्या पुढं चालणाऱ्या ड्रम मेजरच्या काठीवर डोळा ठेवा," सर म्हणाले. "पण पोरंच ती. शेजारी तीस माणसं वेगळा ठेका धरून बसली की पाय तिकडं ओढतो."

गेल्या वर्षी आमच्या पथकाची मागची रांग तिसऱ्या वळणावर विस्कटली होती. का, ते मी विचारलं नाही. सरांनीही सांगितलं नाही.

मग त्यांनी आणखी बरंच सांगितलं. तोंडानं फुंकायची वाद्यं उन्हात तापली की त्यांचा सूर चढतो, त्यामुळं मैदानात जाण्याआधीची पाच-दहा मिनिटं सूर जुळवण्याची. नेमक्या त्याच वेळी पालक 'एक फोटो, एकच' म्हणत येतात. पाईप बँडचं, म्हणजे बॅगपाईपवाल्यांचं, तर आणखी अवघड. काखेतली पिशवी दाबत राहायचं, खांद्यावरच्या तीन नळ्यांचा एकच सूर सारखा चालू, मध्ये थांबून दुरुस्त करायला जागाच नाही. जुळवलं ते आधीच जुळवलं. मला आपलं वाटायचं, ती पोरं उगाच पों-पों करत वेळ घालवताहेत.

घरी येताना बायको म्हणाली, "मिरजेला दर्ग्यात गाणं ऐकताना कसे बसता तुम्ही? तसं बसा." आमचे आजोबा मला उरुसाच्या संगीतसभेला न्यायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांची मजार तिथंच, ते गेले 1937 साली, त्यांच्या आठवणीत गवई अजून हजेरी लावायला येतात. ऐकणारे खाली सतरंजीवर. कोणी गप्प नसतं तिथं, पण दाद समेवर येते, तालाचं आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर येतं तिथं. मध्येच 'वा' म्हणणाऱ्याकडं आजोबा असे बघायचे की तो पुढची अर्धी रात्र हलायचा नाही. हे मला कळलं. फक्त बँडची सम कुठं असते ते विचारायचं राहिलं होतं. लेकीनं सांगितलं: पथक थांबतं, ड्रम मेजर सलामी देतो, तेव्हा. आणि सगळ्यांसाठी वाजवायची, फक्त आमच्यासाठी नाही.

यंदाच्या जानेवारीत मला परवानगी मिळाली. अटींवर. भडंग घरी. मोबाईल आवाज बंद करून खिशात, शूटिंग करायचं तर बसून, कुणाच्या डोक्यावरून हात न काढता. परीक्षकांच्या मागच्या चार रांगांत बसायचं नाही, कारण तिथली कुजबुज त्यांच्या कानात जाते. एखादं पथक वाजवत असताना आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही; चहाची तल्लफ आली तर दोन पथकांच्या मध्ये. ही शेवटची अट मला सगळ्यात जड गेली, कारण फाटकाशीच चहाचा गाडा होता आणि वारा आमच्याकडं.

स्पर्धेत चार गट होते: मुलांचा ब्रास (पितळी वाद्यांचा), मुलींचा ब्रास, मुलांचा पाईप, मुलींचा पाईप. प्रजासत्ताक दिनाच्या वेळी दिल्लीत राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा होते तिथंही हेच गट असतात. मिरज, तासगाव, जत, कुठकुठनं पोरं आली होती. सकाळी गारठा चांगला होता, धातूच्या वाद्यांना हात लावून पोरं बोटं फुंकत होती.

तिसऱ्या पथकाच्या वेळी ती गोष्ट झाली. मुलांचा ब्रास. झकास चालले होते, आणि वळताना झांजवाल्या पोराची टोपी पडली. आमच्या रांगेत कोणी तरी खुदकन हसलं. मी उठलोच होतो, धावत जाऊन उचलून देणार होतो, बायकोनं शर्ट धरून खाली बसवलं. पोरगा थांबला नाही, वाकला नाही, खाली बघितलंही नाही. मागच्यानं पाऊल न मोडता टोपी ओलांडली, त्याच्या मागच्यानंही. टोपी एकटी मैदानात पडून राहिली आणि पथक तिच्याभोवतीनं वाजवत पुढं गेलं. मला कुंडलच्या मैदानावर एवढा काटा कधी आला नव्हता.

"गेला नंबर यांचा," मागचे एक गृहस्थ म्हणाले. मीही मान हलवणार होतो. तेवढ्यात माझं लक्ष शेजारच्या बाईंकडं गेलं. पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मघापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. मांडीवर शाळेच्या दप्तराशेजारी एक पांढरी टोपीची पेटी, रिकामी.

ड्रम मेजरनं सलामी दिली तेव्हा मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. बाईंनी वळून विचारलं, "तुमचं कोण आहे यात?" म्हटलं, कोणी नाही.

आमचं पथक सहावं मैदानात उतरलं. त्याबद्दल काय लिहू, मी हातावर हात ठेवून बसलो होतो आणि त्यामुळं आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकलं. साईड ड्रमच्या घोळात आपली लेक कोणती हे मला ऐकू येत नव्हतं. सहाही ड्रम एकच वाटत होते, आणि सरांना हवं होतं तेही हेच. मागची रांग तिसऱ्या वळणावर सरळ राहिली. ती माझ्याकडं बघेल म्हणून मी बघत होतो; तिनं बघितलं नाही, ते बरंच झालं.

त्यानंतर मैदान रिकामं व्हायला लागलं. ज्याचं पोर वाजवून झालं तो निघाला. बायकोला हळदीकुंकवाला जायचं होतं, तिनं दोनदा घड्याळ दाखवलं. पण अजून तीन पथकं होती, आणि लेकीची अट होती की शेवटच्या पोराचं होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही. थांबलो. खुर्च्या इतक्या मोकळ्या झाल्या की आमच्या रांगेत आम्ही दोघं आणि त्या टोपीवाल्या बाई.

शेवटचं पथक लहान होतं, पंधरा-सोळा पोरी. ऊन चढलेलं, सकाळपासून ताटकळलेल्या. पण वाजवायला लागल्या आणि मी सरसावून बसलो. देशभक्तीपर गाण्याची धून होती, चढत-चढत गेली, ड्रम वाढत गेले, ड्रम मेजर पोरीनं काठी वर नेली आणि सगळं एकदम थांबलं. कडक. मैदानभर शांतता.

मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

काठी अजून वरच होती. ती खाली आली आणि सगळी वाद्यं पुन्हा एकदम सुरू झाली. धून संपली नव्हती, मधली थांबण्याची जागा होती ती. बायकोनं पुन्हा शर्ट धरला. मैदानापलीकडं आमच्या पथकाची पोरं बसली होती, त्यांत एकीनं ड्रमवर कपाळ टेकलेलं मला एवढ्या लांबनंही दिसलं.

त्या ड्रम मेजर पोरीची मात्र पापणीसुद्धा हलली नाही.