परळची वारी

आज परळला तपासणी होती. दर तीन महिन्यांची वारी, सहावं वर्ष. रांगेत शेजारी बावीस-तेवीसचा मुलगा, लातूरकडचा, सोबत मामा. त्यालाही माझ्यासारखं सीएमएलच (रक्ताचा एक कॅन्सर), महिन्यापूर्वी कळलेलं. मांडीवर फायलींची पिशवी घट्ट धरलेली. बोलत होते ते मामाच. "पोरगं परीक्षेला बसंल का हो, ताई?"

मी पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढून दाखवली. इमॅटिनिब. २००१ मध्ये ही गोळी बाजारात आली. त्याआधी बोन मॅरो बदलण्याशिवाय या आजारावर खात्रीचा इलाज नव्हता. रोज जेवण झालं की मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्यायची. मळमळतं, पायांत गोळे येतात, डोळ्यांखाली सूज येते, तेही सांगून टाकलं. नुसतं 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो (घरचेही त्यात आले).

माझा बीसीआर-एबीएलचा आकडा (रक्तात आजार किती उरलाय ते सांगणारा) आता ०.१ टक्क्याच्या खाली असतो म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"जेवल्या जेवल्या घ्यायची, का थोडं थांबून?"

"लगेच."

तेवढ्यात त्याचा नंबर आला. फायली घेऊन आत गेला, डबा माझ्याजवळ ठेवून.