तापला की मुका होणारा अ‍ॅम्प

सरावाला बसून वीसेक मिनिटं झाली असतील. गिटारवर एक स्वर लांबवत होते आणि मधेच अ‍ॅम्पचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरचा, आवाज बसला. धप्प झालं नाही, जळका वासही नाही. स्वर नुसता विरत गेला.

समोरचा लाल दिवा पेटलेलाच होता. पण ट्यूब अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये, त्या दिव्यावर विसंबण्यात अर्थ नाही. बहुतेकदा तो ट्यूब आतून तापवणाऱ्या हीटरच्या ६.३ व्होल्टवर चालतो, त्यामुळे ट्यूबमधल्या प्लेटांना (प्रवाह ओढून घेणाऱ्या पत्र्यांना) जाणारा तीन-चारशे व्होल्टचा पुरवठा मेला तरी तो आपला पेटलेला राहतो. म्हणून स्पीकरच्या जाळीला कान लावला. अगदी बारीक सूंऽऽ ऐकू येत होतं. फ्यूज आणि स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या पॉवर ट्यूबा बहुधा शाबूत, एवढा अंदाज त्यावरून बांधला.

केबल बदलून पाहिली, पेडल काढून टाकली, दुसरी गिटार लावली. फरक शून्य. स्पीकरची केबलही तपासली, पण अ‍ॅम्प बंद करून. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो गेला की दुरुस्ती अवघड होऊन बसते.

मग मागच्या बाजूचं इफेक्ट्स लूप, म्हणजे मधे पेडल जोडण्यासाठी सिग्नल बाहेर नेणारा सेंड आणि परत आत घेणारा रिटर्न असे दोन जॅक. इथे एक ओळखीचा चोर असतो: लूपमध्ये काही जोडलेलं नसताना सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या पत्रीतून पुढे जातो, आणि ती पत्री गंजली की सगळं ठप्प. सेंडमधून रिटर्नमध्ये छोटी केबल टाकली. आवाज नाही. मग गिटारच थेट रिटर्नमध्ये खुपसली, आणि बारीक पण स्वच्छ आवाज आला! पॉवर ट्यूबा, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर सगळे एका झटक्यात निर्दोष सुटले. दोष प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे लूपच्या आधीच्या पहिल्या भागात होता.

इथवर मी शहाण्यासारखी वागले. पुढे घाई नडली. प्रीअ‍ॅम्पमधली १२एएक्स७ जातीची दुसरी ट्यूब काढून नवी बसवली, अ‍ॅम्प चालू केला आणि आवाज परत आला. जुनी ट्यूब ‘मेलेली’ म्हणून बाजूला ठेवली आणि खुशीत वाजवत बसले. वीस मिनिटांनी पुन्हा तेच.

म्हणजे ट्यूब बदलल्यानं काहीच सुधारलं नव्हतं. ती उपसताना सॉकेट हललं होतं, आणि तेवढ्या वेळात अ‍ॅम्प थोडा गारही झाला होता. गार असताना बोलतो, तापला की मुका, हे लक्षण कुठेतरी सुटलेल्या जोडाचं, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

आता चॅसिस, म्हणजे आतला सर्किटचा धातूचा सांगाडा, बाहेर काढणं आलं. प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब उरू शकतो, म्हणून १० किलोओहमचा जाड रेझिस्टर लावून ते रिकामे केले आणि मीटरवर आकडा खाली आलेला पाहूनच आत हात घातला. नंतर अ‍ॅम्प मुका असताना, म्हणजे चालू स्थितीत, मापं घ्यायची होती. मीटरची काळी क्लिप चॅसिसला, डावा हात पाठीमागे, उजव्या हातात फक्त लाल टोक. अशा मापाची सवय नसेल त्यानं हे काम जाणकाराकडेच द्यावं.

१२एएक्स७च्या एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन स्वतंत्र भाग असतात, त्यामुळे तुलना आयती मिळते. एका अर्ध्या भागात १०० किलोओहमच्या प्लेट रेझिस्टरच्या वरच्या टोकाला २८४ व्होल्ट, खालच्या टोकाला १७६. साधारण एक मिलिअँपिअर वाहतोय, सगळं आलबेल. दुसऱ्या अर्ध्या भागात वर २८४ आणि खालीही २८४. कॅथोडच्या, म्हणजे प्रवाह जिथून निघतो त्या टोकाच्या, रेझिस्टरवर शून्य.

दोन्ही टोकांना सारखाच आकडा पाहून मी आधी मीटरवरच संशय घेतला! पण अर्थ सरळ होता: रेझिस्टरमधून काही वाहतच नाही, म्हणून दाब कमी होत नाही. काचेत दोन्ही हीटर तांबडे दिसत होते. मग वाट अडली कुठे? प्लेटच्या नाहीतर कॅथोडच्या पिनेपाशी.

कोरडी बांबूची काडी घेऊन सॉकेटच्या पिना एकेक दाबत गेले. तीन नंबरच्या कॅथोडपाशी खट् झालं आणि गिटार बोलली. काडी उचलली की गप्प.

बंद करून, पुन्हा सगळं रिकामं करून भिंग धरलं. पिनेभोवतीच्या सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर. सॉकेट थेट पीसीबीवर (सर्किटच्या छापील पाटीवर) बसवलेलं असलं की ट्यूबच्या उष्णतेनं जोड रोज ताणला जातो, रोज सैलावतो, आणि ट्यूब काढता-घालताना हिसके बसतात ते वेगळेच. जुनं सोल्डर ओढून काढलं, नवं भरलं. हाताशी होते म्हणून नऊच्या नऊ जोड नव्यानं केले, शेजारच्या सॉकेटचेही.

‘मेलेली’ ट्यूब परत बसवून दोन तास वाजवलं. ठणठणीत आहे बिचारी. नवी खोक्यात गेली. आता फक्त ट्रेबलचं बटण फिरवताना खर्र वाजतं, आणि ते माझ्या ध्यानात आलं चॅसिसचा शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर.