आईचे तळपाय

गेल्या श्रावणात आईने मधुमेहाची गोळी निम्मी केली, तीही मला न सांगता. सहकारनगरात आमच्या घराजवळच एक रिफ्लेक्सॉलॉजीचं केंद्र आहे. तळपायावर स्वादुपिंडाचा बिंदू असतो, तो रोज दाबला की साखर आटोक्यात येते, असं तिला तिथे सांगितलं होतं. भिंतीवर तळपायाचा रंगीत तक्ता, त्यात यकृत, मूत्रपिंड, डोळे, सगळं आखलेलं. तीन आठवड्यांनी तिची उपाशीपोटीची साखर २४० निघाली. मला रडूच आलं.

हे आपल्याकडचं पुरातन ज्ञान आहे, असं आई धरून चालली होती. मी वाचायला बसले. विल्यम फिट्झजेराल्ड या अमेरिकेतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी १९१७ च्या सुमारास शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी अख्खं शरीर तळपायावर आणून बसवलं. पण तळव्यातल्या त्या ठिपक्याला स्वादुपिंडाशी जोडणारी नस शरीरशास्त्रात कुठेच नाही. पर्यायी उपचारांचे अभ्यासक एड्झार्ड अर्न्स्ट यांनी २०११ मध्ये २३ चाचण्या तपासल्या. कुठल्याही आजारावर याचा गुण येतो असा पटण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही.

मला सगळ्यात पटली ती मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांवरची २००९ ची चाचणी. एका गटाचे तक्त्यातले बिंदू दाबले, दुसऱ्या गटाचे पाय नुसतेच चोळले. दुखणं दोन्हीकडे कमी झालं. म्हणजे बरं वाटतं ते खरंच. त्याला तक्ता लागत नाही.

आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "अगं, पण मला झोप छान लागायची त्याने." तेही खरंच आहे. आजी काशाच्या वाटीने आमचे तळपाय चोळायची, तेव्हा आम्हीही अर्ध्यातच झोपून जायचो. घरी पाय चोळायला कुणी नाही म्हणून आई पैसे मोजून तिथे जात होती, हे मला फार उशिरा कळलं.

आता गोळी पूर्ण चालू आहे. रात्री जेवणं झाली की मी तिचे पाय मांडीवर घेते, हलक्या हाताने खोबरेल लावते. जोर अजिबात देत नाही, कारण मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी होते आणि इजा झालेली कळतही नाही. परवा उजव्या टाचेला खोल भेग दिसली. तिला ती जाणवलीच नव्हती. उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवून येणार आहोत.