आवाज येतो, चित्र येत नाही

टोरांटोत उन्हाळ्यात शनिवारचे रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा धुळ्यात रविवारच्या सकाळचे आठ वाजलेले असतात, आणि या साडेनऊ तासांच्या फरकामुळे माझ्या वाट्याला दर आठवड्याला दोन रविवार येतात. पहिला भाच्याच्या फोनने सुरू होतो. तो आमच्या धुळ्याच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर सांभाळतो. मी इथल्या चर्चमध्ये, सर्वांत मागच्या टेबलावर बसून, तेच काम करतो. गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा उपासनेला जेमतेम तास उरला होता. "मामा, आवाज येस, पन चित्र दिखत नही." संडेस्कूलच्या मुलांनी बसवलेल्या नाटुकल्याचा तो चार मिनिटांचा व्हिडिओ होता, आणि त्या मुलांचे आईबाप एव्हाना घरून निघालेही असतील.

मला हसू आले नाही, कारण इथल्या पहिल्याच वर्षी मी हाच प्रसंग एका अंत्यविधीच्या उपासनेत ओढवून घेतला होता. कुटुंबाने दिलेली आठवणींची चित्रफीत माझ्या घरच्या संगणकावर व्यवस्थित चालली, म्हणून मी निर्धास्त होतो. चर्चमधल्या संगणकावर मात्र पडदा काळा राहिला आणि गेलेल्या माणसाचे हसणे तेवढे सभागृहात घुमत राहिले. त्या घरच्यांनी मला एका शब्दानेही दुखावले नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते.

फाइलच्या नावाशेवटी एमपी४ दिसले, की फाइलचा प्रकार कळला असे आपण समजतो. प्रत्यक्षात एमपी४ हा नुसता डबा आहे. शेजारून आलेल्या स्टीलच्या डब्यात वांग्याचे भरीत आहे की शेवभाजी हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही, तसेच आतले चित्र एच.२६४ पद्धतीने दाबून भरले आहे की एच.२६५ पद्धतीने, हे नावावरून समजत नाही. पहिली पद्धत २००३ सालची असून आजचा जवळजवळ प्रत्येक संगणक ती उलगडू शकतो. दुसरी २०१३ सालची; तेवढ्याच स्पष्ट चित्राला ती साधारण निम्मी जागा घेते, म्हणून अनेक नव्या फोनांचे कॅमेरे तिचाच वापर करतात, परंतु जुन्या लॅपटॉपमध्ये ती उलगडण्याची सोय असेलच असे नाही. आवाज वेगळ्या पद्धतीने साठवलेला असल्यामुळे तो बिनतक्रार ऐकू येतो, आणि ऐकणाऱ्याला दोष प्रोजेक्टरचा किंवा वायरीचा वाटतो. भाच्याने वायर तीनदा काढून लावली होती.

त्याचा दुसरा मुद्दा असा, की व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तोच व्हिडिओ चालतो, तेव्हा फाइल बिघडलेली नाही. फाइल बिघडलेली नव्हतीच. व्हीएलसी चित्र उलगडण्याची सगळी सामग्री स्वतःबरोबर बाळगते, तर गीतांचे शब्द आणि वचने पडद्यावर दाखवणारी काही सॉफ्टवेअरे त्यासाठी विंडोजवर अवलंबून असतात. त्यामुळे व्हीएलसीत चालणे हा पुरावा धरता येत नाही. डब्याचे झाकण उघडायला मात्र व्हीएलसीच उपयोगी पडते. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे ही बटणे एकत्र दाबली, की आतल्या चित्राची पद्धत लिहून येते. भाच्याने वाचून दाखवले ते एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५चेच दुसरे नाव.

मग हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल घालून एच.२६४ निवडायला सांगितले, आकार १०८०पी ठेवला, आणि फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, कायम राहील असा पर्याय घेतला. फोन प्रकाश पाहून हा वेग कमीजास्त करतो आणि त्यामुळे पुढे ओठ एकीकडे व शब्द दुसरीकडे अशी गत होऊ शकते. जुन्या लॅपटॉपने पंचवीस मिनिटे घेतली. नाटुकले दिसले, मात्र आवाज सभागृहाच्या स्पीकरांना जोडलेल्या मिक्सरकडे न जाता प्रोजेक्टरच्या इवल्याशा स्पीकरमधून आला, कारण प्रोजेक्टरची एचडीएमआय वायर जोडताच विंडोजने आवाजाची वाट बदलली होती. ती परत वळवणे दोन क्लिकचे काम होते.

दोन आठवड्यांनी आलेला बिघाड मला इथे कधी सुचलाच नसता. दुपारी तीन वाजता तरुणांच्या सभेत (इथे पहाटेचे साडेपाच) एक व्हिडिओ दहा मिनिटे नीट चालून मग अडखळू लागला. पद्धत एच.२६४च होती, फाइल पेनड्राइव्हवरून न चालवता लॅपटॉपवर उतरवून घेतली होती, चार्जरही लावलेला होता. मी निरर्थक प्रश्न विचारत राहिलो, आणि शेवटी भाचा म्हणाला की लॅपटॉपला हात लावला तर चटका बसतो. धुळ्याचा मे महिना मी विसरलो होतो. पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो, आणि व्हिडिओच्या फ्रेम गळू लागतात. त्यात लॅपटॉप ठेवला होता तो माझ्या आईने क्रूस भरलेल्या जाड मखमली टेबलक्लॉथवर, ज्याने खालची हवेची भोके पूर्ण बुजली होती.

ते कापड काढायला कोणी धजले नाही. भाच्याने अंगणातून शहाबादी फरशीचे दोन तुकडे आणून लॅपटॉपच्या दोन कडांखाली ठेवले, टेबलफॅन त्या बाजूला वळवला, आणि अडखळणे थांबले. फरशीच्या कडांनी माझे टाके उसवतात, अशी आता आईची तक्रार आहे, आणि ती रास्त असल्यामुळे पुढच्या पार्सलमध्ये लॅपटॉपचा स्टँड पाठवतो आहे.