पहिली प्रोसेसर चिप पेन्सिलनं काढली होती

इंटेल ४००४, म्हणजे अख्खा प्रोसेसर एकाच चिपवर असलेली बाजारातली पहिली चिप, हिचा विषय निघाला की लोक लगेच इंटेलच्या टेड हॉफचं नाव घेतात. हॉफनं केलं ते मोठंच आहे, त्यात वाद नाही, पण मला विचाराल तर त्या चिपचा खरा माणूस इंजिनिअर फेडेरिको फॅगिन.

बिझिकॉम ह्या जपानी कंपनीला १९६९ साली कॅल्क्युलेटरसाठी चिप्स हव्या होत्या, इंटेल तेव्हा मेमरी बनवणारी नवीन कंपनी. हॉफ म्हणाला इतक्या वेगवेगळ्या चिप्स कशाला, एकच प्रोसेसर करू, बाकीचं प्रोग्रॅमवर सोडू. स्टॅन मेझर त्याच्यासोबत होता. ठरलं सगळं, आणि मग काही महिने काम पुढं सरकलंच नाही. एप्रिल १९७० मध्ये फॅगिन इंटेलमध्ये लागला, आणि लगेच बिझिकॉमचा मासातोशी शिमा जपानहून काम तपासायला हजर, तर तपासायला कामच नाही! जाम भडकला तो. पण तोच शिमा मग काही महिने तिथंच राहून फॅगिनला लॉजिकमध्ये मदत करत बसला, हे मला फार आवडतं.

आता लेआउट, म्हणजे चिपवर काय कुठं बसवायचं त्याचा नकाशा. इथं सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांनी चादरीचं डिझाईन होताना बघितलंय त्यांना हे पटकन कळेल. माझे काका ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवत मोर काढायचे, त्यावरून जकार्ड मागाची पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची, आणि एक भोक चुकलं की प्रत्येक मोराच्या मानेत तोच ठिपका. ४००४ चं काम पण असंच हातानं झालं ओ. २३०० ट्रान्झिस्टर, प्रत्येकाची जागा, प्रत्येक जोडणी मोठ्या शीटवर पेन्सिलनं काढायची, चिपच्या शेकडो पट मोठी, मग रुबीलिथ नावाची लाल फिल्म ब्लेडनं कापून सोलायची, आणि ते फोटोनं बारीक करत करत मास्क, म्हणजे चिप छापायचे साचे, बनवायचे. शेवटी चिप झाली ३ बाय ४ मिलिमीटरची. एवढ्याशा जागेत ते बसलं कारण सिलिकॉन गेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचं गेट धातूऐवजी सिलिकॉनचं करायचं, आणि ते तंत्र फॅगिननंच १९६८ मध्ये फेअरचाइल्ड ह्या चिप कंपनीत असताना उभं केलेलं.

१९७० संपता संपता पहिले वेफर, म्हणजे चिप्स छापलेल्या सिलिकॉनच्या चकत्या, आले ते बंदच. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर बनवताना एक लेयरच द्यायचा राहिलेला. जानेवारी १९७१ मध्ये नवीन वेफर आले, फॅगिन रात्री उशिरापर्यंत लॅबमध्ये एकटा टेस्ट करत बसला, आणि चिप चालली. कडेला त्यानं स्वतःची एफ.एफ. ही अक्षरं कोरून ठेवलीत, आणि का ठेवू नये?

नंतर बिझिकॉमला किंमत कमी करून पाहिजे होती, त्या बदल्यात इंटेलनं ही चिप दुसऱ्यांना विकायचा हक्क मिळवला आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये ती बाजारात आणली. फॅगिन १९७४ मध्ये इंटेल सोडून बाहेर पडला, झायलॉग ही स्वतःची कंपनी काढली, शिमा पण तिकडं गेला आणि १९७६ मध्ये त्यांचा झेड८० प्रोसेसर आला. १९९७ चं क्योटो प्राइझ हे जपानचं मोठं पारितोषिक मात्र हॉफ, मेझर, फॅगिन आणि शिमा अशा चौघांना मिळून दिलं, आणि माझ्या मते तीच वाटणी बरोबर आहे.