घुमटाच्या काठावरचे पापड

मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की घुमटाची (मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेलं वाद्य) मेश झाली, म्हणजे संगणकावरच्या गणितासाठी त्याच्या भिंतीचे छोटे छोटे तुकडे पाडून झाले. कसली झाली! सरासरी क्वालिटी, म्हणजे तुकड्यांचा सुबकपणा, ०.७८ आलेली बघून हुरळून गेलो आणि रात्री सिम्युलेशन लावून झोपलो. कातड्यावर एक थाप मारायची आणि मातीची भिंत कशी थरथरते ते बघायचं, एवढंच काम. त्याला ११ तास लागले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. फोंड्याला आमच्या वाड्यावरचे काका चवथीला आरतीत घुमट वाजवतात. कातडं फाटलेलं त्यांचं एक जुनं घुमट मी मागून आणलं आणि मोबाइलवर दोनेकशे फोटो काढून त्याचा पृष्ठभाग तयार केला. (पूर्वी कातडं घोरपडीचं असायचं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं.) भिंत ८ मिमी जाड, टेटची (टेट्राहेड्रॉन, चार त्रिकोणी फलकांचा तुकडा) कड साधारण ४ मिमी, म्हणजे जाडीत जेमतेम दोन थर. एकूण १,८६,००० टेट.

आता ११ तास का? एक्स्प्लिसिट पद्धतीत (आधीच्या क्षणावरून पुढचा क्षण थेट काढत जायचं) वेळेचं पाऊल ठरतं ते सगळ्यात बुटक्या टेटच्या उंचीवरून. ध्वनिलहर त्या टेटमधून पार व्हायला जितका वेळ घेते, त्यापेक्षा मोठं पाऊल टाकलं की आकडे उधळतात. ४ मिमी कडेच्या सुबक टेटची उंची ३.३ मिमी. माझ्या मेशमधला सगळ्यात वाईट टेट होता ०.०५ मिमीचा. त्या एकापायी बाकीचे पावणेदोन लाखांहून जास्त मुंगीच्या पावलाने चालत होते.

तो टेट मी वेगळा काढून स्क्रीनवर फिरवून पाहिला. समोरून बघितला तर छान चौकोन, दोन्ही कर्ण आखलेले. आडवा केला की गायब! चारही टोकं जवळजवळ एका पातळीत, नुसता पापड. चार बाजूंवरचे डायहेड्रल कोन (दोन फलकांमधले) ०.७ अंशाच्या आसपास, दोन कर्णांवरचे १७९ च्या. सुबक टेटमध्ये हा कोन सगळीकडे ७०.५ असतो. यालाच स्लिव्हर म्हणतात. गंमत अशी की त्याची एकही कड आखूड नाही आणि परिगोलाची (चारही टोकांतून जाणाऱ्या गोलाची) त्रिज्याही कडेपेक्षा लहानच, त्यामुळे त्रिज्या आणि कड यांचं गुणोत्तर तपासणाऱ्या डेलॉने रिफाइनमेंटला (नवे बिंदू घालत मेश सुधारायची रीत) त्यात काही खोट दिसत नाही. सपाट कागदावर बिंदू त्रिकोणांनी जोडताना डेलॉने लहानात लहान कोन जमेल तितका मोठा ठेवतो. त्रिमितीत तशी हमीच नाही.

५ अंशांखालचे असे २१२ निघाले.

आधी सोपा उपाय केला, लाप्लासियन स्मूदिंग. प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या मध्यावर सरकवायचा. सरासरी वाढली, पण काठाच्या आतल्या वळणावर ९ टेट चक्क उलटे झाले, घनफळ ऋण. मग फ्रायटॅग आणि ऑलिव्हिए-गूच यांनी १९९७ साली मांडलेली वाट धरली: आधी फ्लिप, मग स्मूदिंग, परत फ्लिप. बिंदू हलवायचा तो भोवतालच्या टेटांपैकी सगळ्यात वाईटाचं भलं होत असेल तरच. फ्लिप म्हणजे एकच फलक वाटून घेणारे दोन टेट मोडायचे आणि त्याच पाच बिंदूंतून एका नव्या कडेभोवती तीन रचायचे, किंवा उलट तिनांचे दोन करायचे. बिंदू जागचा हलत नाही, तरी पापड नाहीसा होतो. मला स्मूदिंगपेक्षा हेच जास्त आवडतं. चार फेऱ्यांत २१२ चे १४ उरले.

हे १४ काही केल्या हलेनात. तीन संध्याकाळी त्यांच्यावर घालवल्या, त्यातल्या एका संध्याकाळी वीजही गेली. शेवटी रंग देऊन पाहिलं तर चौदाच्या चौदा मोठ्या तोंडाच्या काठावर, एकाच ओळीत. फोटोंमधून जोडलेल्या पृष्ठभागात तिथे शिवण पडली होती, ०.३ मिमीच्या कडांची. पृष्ठभागावरचे बिंदू मी कुलूपबंद ठेवलेले, मग आतली फौज बिचारी काय करणार? त्या कडा मिटवल्या, काठ सरळ केला, आतली मेश नव्याने भरली, परत चार फेऱ्या. आता सगळ्यात लहान कोन १२.६ अंश आणि तेच सिम्युलेशन ३८ मिनिटांत. सरासरी ०.७८ ची झाली ०.८०. या आकड्याकडे मी आता बघतही नाही.

एक पाचर मात्र आहे. काठ सरळ केला तो अंदाजाने. खरा काठ किंचित बाहेर वळलेला आहे आणि कातडं ताणलं जातं ते त्यावरूनच. परत फोटो काढावेत म्हणून घुमट मागायला गेलो, तर काकांनी त्यावर नवं कातडं चढवून ते पडवीत वाळत ठेवलेलं.

"काठाचा फोटो हवा होता, काका."

"आता चवथ झाल्यावर, बाबा. आणि कातडं फाटलं तर."